टर्बो गाडीत स्ट्रोकर इंजिन: काम घ्यायचं की सोडायचं?



गॅरेज टाकलेल्या किंवा टाकायच्या विचारात असलेल्या प्रत्येकाला एक गिऱ्हाईक भेटणारच आहे. सेकंडहँड टर्बो गाडी, मोबाईलवर एक रील, आणि प्रश्न: "दादा, आपल्या गाडीचं स्ट्रोकर करून द्याल का?" काम मोठं, बिल मोठं, म्हणून तोंडातून लगेच 'हो' निघतं. ते 'हो' म्हणण्याआधी कोणता हिशोब करायचा, हा आजचा धडा.

खर्ड्यासारख्या गावात एक इंजिन फसलं तर त्याचा बोभाटा जामखेडपर्यंत जातो. गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि आपलं नाव जातं. पैसे एकदा परत मिळवता येतात, नाव मिळवणं अवघड.

स्ट्रोकर म्हणजे नेमकं काय?

पिस्टन वर-खाली जेवढं अंतर चालतो, तो स्ट्रोक. जास्त फेकीचा क्रँक बसवला की स्ट्रोक वाढतो आणि सीसी वाढतात. सूत्र वहीत लिहून घ्या (मापं सेंटिमीटरमध्ये):

सीसी = ०.७८५४ × बोअर × बोअर × स्ट्रोक × सिलिंडरची संख्या

उदाहरण आपल्या जवळचंच घेऊ. नगर-पुणे रस्त्यावर रांजणगावला फियाटचा कारखाना आहे. तिथे बनलेल्या लिनिया टी-जेटमध्ये १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन होतं. बोअर ७२ मिमी, स्ट्रोक ८४ मिमी, चार सिलिंडर. सूत्रात टाका, १३६८ सीसी येतात.

आता समजा स्ट्रोक ४ मिमीने वाढवला, म्हणजे ८८ मिमी केला. उत्तर येतं सुमारे १४३३ सीसी. वाढले ६५ सीसी, म्हणजे पाच टक्क्यांपेक्षाही थोडे कमी. आणि एवढ्यासाठी इंजिन पूर्ण खाली उतरवायचं, क्रँक बदलायचा, पिस्टन वेगळे घ्यायचे, बॅलन्सिंग करायचं.

टर्बो असेल तर गणित का बदलतं?

इंजिनाची ताकद शेवटी किती हवा आत जाते आणि तिच्यासोबत किती इंधन जळतं, यावर ठरते. टर्बो नसलेल्या इंजिनाला जास्त हवा घ्यायची तर सीसी वाढवणं हा एक सरळ मार्ग असतो. टर्बो गाडीत हवा ढकलणारा माणूस आधीच कामावर आहे.

समजा गाडीचा बूस्ट ०.७ बार आहे. बाहेरच्या हवेचा दाब साधारण १ बार धरला तर आत एकूण १.७ बार. बूस्ट ०.९ केला तर एकूण १.९. कागदावर हवा जवळपास १२ टक्के वाढली. दाबलेली हवा तापते, म्हणून प्रत्यक्षात फायदा थोडा कमी मिळेल. तरीही चार मिमी स्ट्रोकच्या दुपटीच्या आसपास, आणि क्रँकला हातसुद्धा न लावता.

हे मी मनाचं सांगत नाही. लिनिया टी-जेट ११४ पीएसची होती. २०१५ च्या ऑक्टोबरात रांजणगावातूनच पुंटो अबार्थ आली, १४५ पीएसची. सीसी तेच, १३६८. ताकद २७ टक्के वाढली, सीसी एकही वाढला नाही.

उलट्या बाजूचं उदाहरण महिंद्राचं. डिसेंबर २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्ली परिसरात २००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली. जानेवारी २०१६ मध्ये महिंद्राने तिथल्या एक्सयूव्ही ५०० साठी २.२ लिटरऐवजी १.९९ लिटरचं इंजिन आणलं. सीसी कमी झाले, पण १४० बीएचपी आणि ३३० एनएम आकडे तेच राहिले. टर्बो इंजिनात सीसी हा ताकदीचा एकमेव मालक नसतो, हे यातून लक्षात ठेवा.

मग स्ट्रोकरचा फायदाच नाही का?

आहे. सीसी वाढले की खालच्या आरपीएमवर, टर्बो जागा होण्याआधी, गाडी जास्त ओढते. एक्झॉस्ट वायू जास्त मिळाल्याने टर्बोही थोडा लवकर फिरतो. गिऱ्हाइकाने मोठा टर्बो बसवला असेल आणि खाली गाडी मेल्यासारखी वाटत असेल, तर स्ट्रोकर हे खरं औषध ठरू शकतं.

पण त्या औषधासोबत येणारा त्रास बघा:

१. एका आरपीएमला पिस्टनचा वेग वाढतो. ६००० आरपीएमला ८४ मिमी स्ट्रोकवर सरासरी वेग सेकंदाला १६.८ मीटर, ८८ वर १७.६ मीटर. रॉड आणि बेअरिंगवर ताण वाढला.

२. चार मिमी स्ट्रोक म्हणजे पिस्टन दोन मिमी जास्त वर येणार. म्हणून पिनची जागा बदललेले पिस्टन किंवा आखूड रॉड लागतात. रॉड खाली ब्लॉकला घासत नाही ना, हे हाताने क्रँक फिरवून तपासावं लागतं.

३. हेडमधली जागा तीच ठेवली तर कॉम्प्रेशन वाढतं. ९.८ असेल तर सुमारे १०.२ होईल. बूस्टवर चालणाऱ्या पेट्रोल इंजिनात नॉकिंगचा धोका इथेच वाढतो.

४. ईसीयू ट्युनिंग तरीही करावंच लागतं. त्याचा खर्च वाचत नाही.

गिऱ्हाइकाला विचारायचे चार प्रश्न

पहिला: गाडी नेमकी कुठे कमी पडते? "पिकअप नाही" एवढ्यावर थांबू नका. घाटात दुसऱ्या गिअरला मरते की हायवेवर ओव्हरटेक करताना? खाली कमी पडत असेल तरच स्ट्रोकरचा विषय निघतो. वर कमी पडत असेल तर तो टर्बो, इंटरकूलर आणि ट्युनिंगचा विषय.

दुसरा: गाडी आज धडधाकट आहे का? आधी कॉम्प्रेशन टेस्ट घ्या, इंटरकूलरचे पाईप लीक आहेत का बघा, एअर फिल्टर आणि क्लच तपासा. बऱ्याचदा फाटलेला पाईप बदलला की गिऱ्हाइकाला हवी असलेली ताकद परत येते. त्या कामाचं बिल छोटं असतं, पण ते गिऱ्हाईक तुम्हाला सोडून जात नाही.

तिसरा: इंजिन तसंही खोलायचं आहे का? क्रँक खराब झालाय, रॉड गेलाय, फुल इंजिन काम करायचंच आहे, आणि त्याच घराण्यातल्या मोठ्या इंजिनाचा क्रँक त्या ब्लॉकमध्ये बसतो, अशी परिस्थिती असेल तर जादा खर्च कमी होतो. चांगलं चालणारं इंजिन केवळ हौसेपोटी खोलणं मात्र महागात जातं.

चौथा: गाडी रस्त्यावर चालवायची की ट्रॅकवर? कोईमतूरच्या कारी मोटर स्पीडवेसारख्या ट्रॅकवर पळवायची गाडी असेल तर गोष्ट वेगळी. रस्त्यावरच्या गाडीला आरसी बुक आहे आणि त्यात सीसी छापलेले आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विम्याचा दावा अडकतो तो वेगळाच. बूस्ट वाढवणं किंवा मोठा टर्बो बसवणं हेही बदलच आहेत, म्हणून "रीमॅप केला तर कोणाला कळतंय" असं गिऱ्हाइकाला कधीच सांगू नका.

आता दुकानदाराचा हिशोब

बीबीएला 'संधी खर्च' शिकवतात, तो इथे कामाला येतो. समजा तुमची एक गाडी उभी करायची जागा रोज १५०० रुपये निव्वळ कमावते. स्ट्रोकरच्या कामात लेथवाल्याकडे फेऱ्या, पार्टची वाट बघणं, फिटिंग, ट्युनिंग धरून २५ दिवस गाडी उभी राहिली. झाले ३७,५०० रुपये. मजुरी लावण्याआधी एवढे पैसे तुम्ही खिशातून घातलेत. त्यात इंजिन एकदा परत आलं तर हा आकडा दुप्पट होतो. कोटेशनमध्ये ही रक्कम दिसत नसेल तर तुम्ही नफ्यात नाही, फक्त बिझी आहात.

म्हणून काम घ्यायचंच ठरलं तर पार्टची यादी लेखी, पार्टचे पैसे आगाऊ, मशीनिंग कोण करणार ते आधी ठरलेलं, आणि कशाची जबाबदारी आपली, कशाची नाही, यावर गिऱ्हाइकाची सही. यातलं एक जरी जमत नसेल तर काम सोडा.

माझं मत

रोज रस्त्यावर चालणाऱ्या टर्बो गाडीला स्ट्रोकर बहुतेक वेळा बसत नाही. खर्च सगळ्यात जास्त, फायदा पाच-सात टक्क्यांचा, आणि कागदपत्रांत कायमची अडचण. ट्रॅकची गाडी, मोठा टर्बो, आधीच खोललेलं इंजिन आणि खिसा मोकळा असलेला मालक, हे चारही एकत्र आले तर विचार करा. "हे काम तुमच्या गाडीला लागत नाही" असं सांगणारा मेकॅनिक लोक विसरत नाहीत. सर्व्हिसिंगला ते त्याच्याकडेच येतात.

गृहपाठ: स्विफ्ट डिझेलच्या १.३ इंजिनाचा बोअर ६९.६ मिमी, स्ट्रोक ८२ मिमी, सिलिंडर चार. आधी मूळ सीसी काढा, मग स्ट्रोक ४ मिमीने वाढवून परत काढा. वाढ किती टक्के आली ते लिहा, आणि त्याखाली तुमच्या दुकानाच्या एका जागेची रोजची कमाई लिहा. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघितले की पुढच्या वेळी 'हो' म्हणायला घाई होणार नाही.