पहिली हाक शेजाऱ्याला : आपत्तीच्या पूर्वतयारीचा एक पाठ

मे महिना सरत आला की गोव्यातील घराघरांत पुरुमेंताची लगबग सुरू होते. तांदूळ, सुकी मासळी, कोकम, मीठ, मिरची आणि कोरडे सरपण यांची बेगमी करून कुटुंब पावसाळ्यास सामोरे जाते. ही पद्धत पूर्वजांच्या दूरदृष्टीची साक्ष देते. परंतु ही तयारी एकेका घरापुरती असते. नदीला पूर आला, दरड कोसळली अथवा वादळाने रस्ते व वीज बंद पडली, तर संपूर्ण वाड्याने काय करावे, याचा विचार मात्र क्वचितच आधी केला जातो. संकट दारी उभे राहिल्यावर तो करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

२३ जुलै २०२१ रोजी झालेल्या अतिवृष्टीने सत्तरी, डिचोली, फोंडा व धारबांदोडा या तालुक्यांतील अनेक वस्त्यांत पाणी शिरले. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर असल्याचे मुख्यमंत्र्यांनी त्या वेळी सांगितले होते. अशा प्रसंगी अग्निशमन दल, पोलीस व महसूल खाते मदतीस धावतात. तथापि एकाच वेळी अनेक गावांतून हाक येते आणि वाटेतील रस्ते पाण्याखाली असतात. शासकीय मदत पोहोचेपर्यंतचे तास शेजाऱ्यांच्याच हाती असतात. त्या तासांत कोण वाचतो आणि कोण मागे राहतो, हे पुष्कळदा वाड्याने आधी काय ठरविले होते यावर अवलंबून असते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. मातीत बांधलेल्या जाड दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. ढिगारे उपसण्यास प्रथम सरसावले ते त्याच गावांतील वाचलेले लोक. जपानमधील कोबे शहर व आसपासच्या प्रदेशात १७ जानेवारी १९९५ रोजी भूकंप झाला. तेथे ढिगाऱ्यांखालून जिवंत बाहेर काढलेल्या माणसांपैकी बहुसंख्यांना घरच्या मंडळींनी व शेजाऱ्यांनीच सोडविले. त्याच भूकंपात आवाजी बेटावरील होकुदान या लहानशा गावात सुमारे तीनशे माणसे गाडली गेली होती. गावातील स्वयंसेवी अग्निशमन पथक व शेजारी यांनी शोधकार्य त्याच दिवशी दुपारी पूर्ण केले. कोणत्या घरात किती माणसे राहतात, एवढेच नव्हे तर घरातील वृद्ध कोणत्या खोलीत झोपतात, हेही त्यांना ठाऊक होते. म्हणून कोठे खणावयाचे, याचा शोध घेण्यात वेळ गेला नाही. हे ज्ञान कोणत्याही कचेरीच्या दप्तरात सापडत नाही.

जीव वाचविण्याच्या कामी जसे शेजाऱ्याचे ज्ञान उपयोगी पडते, तसाच धोक्याची सूचना पोहोचविण्याच्या कामी त्याचा शब्द उपयोगी पडतो. नोव्हेंबर १९७० मध्ये आजच्या बांगलादेशच्या किनाऱ्यावर आलेल्या चक्रीवादळात किमान तीन लाख माणसे मृत्युमुखी पडली. वादळाची वार्ता नभोवाणीवरून दिली गेली होती. परंतु अनेकांपर्यंत ती पोहोचली नाही आणि ज्यांनी ऐकली त्यांतील पुष्कळांनी घर सोडले नाही. त्यानंतर १९७२ पासून तेथे गावोगावच्या स्त्री-पुरुषांना स्वयंसेवक म्हणून तयार करण्यात आले. ध्वनिवर्धक, भोंगे व निशाणे घेऊन ते आपल्याच गावात दारोदार फिरतात आणि लोकांना निवाऱ्याकडे नेतात. २००७ मधील ‘सिद्र’ हे वादळही अतिशय तीव्र होते. त्यात सुमारे साडेतीन हजार माणसे दगावली. हवामानाचा सुधारलेला अंदाज व पक्के निवारे यांचाही या यशात मोठा वाटा आहे. परंतु ओळखीच्या माणसाने दार ठोठावून ‘चला’ म्हटले, तर निवाऱ्याकडे पाऊल लवकर उचलते.

ही रीत गोव्याला नवी नाही. मांडवी व झुवारी यांच्या काठची खाजन शेती हे तिचे जुने उदाहरण आहे. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेले बांध आणि ओहोटीला पाणी बाहेर सोडणारी मानस यांची निगा गावकरीच्या व्यवस्थेत सामुदायिकपणे राखली जात असे. बांधाला भगदाड पडले की नुकसान एकट्याचे होत नाही, हे सर्वांना कळत होते. दुरुस्ती कोणी व केव्हा करावयाची, हे आधीच ठरलेले असे. जेथे ही देखभाल ढिली पडली, तेथे खारे पाणी शिरून शेते पडीक झाली. ‘गाव करी ते राव न करी’ या म्हणीचा अर्थ यापेक्षा अधिक स्पष्ट करण्याची आवश्यकता नाही.

वाड्याने करावयाची तयारी

१. दहा-बारा घरांचा एक गट करावा. मृगापूर्वी गटाची एक बैठक घ्यावी व तीत पंच, शिक्षक अथवा अंगणवाडी सेविका यांना बोलवावे.

२. वृद्ध, अपंग, गरोदर स्त्रिया, अंथरुणास खिळलेले रुग्ण व तान्ही मुले कोणत्या घरात आहेत, याची यादी करावी. प्रत्येक अशा व्यक्तीसाठी दोन शेजारी नेमावेत. एक गावात नसला तर दुसरा असेल.

३. ही यादी फलकावर लावू नये. कोण एकटे राहते, हे भलत्याच्या कानी जाणे इष्ट नाही. ती गटाने निवडलेल्या दोन विश्वासू व्यक्तींजवळ ठेवावी.

४. दोर, विजेरी, शिडी, होडी, कोयता, जीप आदी वस्तू कोणाकडे आहेत, तसेच वाहनचालक, पोहणारे व प्रथमोपचार जाणणारे कोण आहेत, याची नोंद करावी.

५. पाणी कोठवर आले की निघावयाचे, ती खूण जुन्या जाणत्यांना विचारून निश्चित करावी. शाळा किंवा देवळाचा मंडप उंचावर व सुरक्षित आहे की नाही, हे आधी पाहून घ्यावे.

६. ‘धरण फुटले’ यांसारख्या अफवा पुराहून वेगाने पसरतात. बातमीची खातरजमा मामलेदार कचेरीकडून किंवा ११२ या क्रमांकावरून कोणी करावयाची, ते ठरवावे व त्याच्याच निरोपावर विश्वास ठेवावा.

या यादीतून हमखास सुटणारी काही घरे असतात. भाड्याने राहणारे कुटुंब, परप्रांतातून आलेला मजूर, आणि ज्याच्याशी कुंपणावरून वर्षानुवर्षे बोलणे नाही असा शेजारी, यांचे दार कोणी ठोठवावयाचे? वाड्याचा खरा कस येथे लागतो. दिवाणी दावा न्यायालयात चालू राहील. पाणी मात्र कुंपण पाहत नाही. अशा घरांची जबाबदारी बैठकीत नाव घेऊन सोपविणे हेच योग्य.

शेजाऱ्याची मदत म्हणजे अविचारी साहस नव्हे. वाहत्या पाण्यात उतरणे, पडलेल्या विजेच्या तारेजवळ जाणे किंवा तडे गेलेल्या डोंगरउताराखाली थांबणे टाळले पाहिजे. तसेच शासनाचे कर्तव्यही यामुळे कमी होत नाही. तयार वाडा शासकीय पथकाला नेमक्या घरापर्यंत नेऊ शकतो, एवढाच याचा अर्थ.

शिक्षकांना या कामी मोठी मदत करता येईल. शाळा सुरू होताच विद्यार्थ्यांकडून आपापल्या वाड्याचा नकाशा काढून घ्यावा. त्यात ओहोळ, विहिरी, उंच जागा व बाहेर पडण्याच्या वाटा दाखवाव्यात. प्रत्येक मुलाने आपल्या दोन्ही बाजूंच्या घरांत रात्री किती माणसे असतात, हे विचारून यावे व मनात ठेवावे. ज्या मुलास याचे उत्तर देता येणार नाही, त्याच्या घरच्यांनी त्याच संध्याकाळी शेजारी जाऊन यावे. पूर्वतयारीचा आरंभ तेथूनच होतो.