विमान, शेतकरी आणि हवामानाचा खर्च

माझे गाव उटनूर, जिल्हा आदिलाबाद. तेथे विमानतळ नाही. आकाशातून जाणारे विमान पाहून मुले हात हलवतात, एवढाच आमचा विमानाशी संबंध. परंतु परिव्यय लेखांकन शिकताना ध्यानात आले, की विमानाच्या हिशोबात आमच्या गावचा कापूस पिकवणारा शेतकरीही आहे.

उड्डाणापूर्वी वैमानिकाला वारा, दृश्यमानता, ढगांची उंची व वादळे यांची माहिती लागते. आपल्या देशात ती 1875 साली स्थापन झालेला भारतीय हवामानशास्त्र विभाग पुरवतो. या सेवेच्या खर्चाचे दोन भाग पडतात.

पहिला प्रत्यक्ष खर्च. धावपट्टीजवळची उपकरणे आणि खास वैमानिकांसाठी केलेले अंदाज यात येतात. तो विमानसेवेनेच सोसावा, यात वाद नाही.

दुसरा संयुक्त खर्च. रडार, उपग्रह, वेधशाळा यांचा उपयोग सर्वांनाच होतो. नागपूरचे डॉप्लर रडार विमानासाठी ढग पाहते, तसेच शेतकऱ्यासाठीही पाहते. एका बैलजोडीने दोन भावांची शेते नांगरली, तर वैरणीचा खर्च कसा वाटावा? प्रश्न तोच आहे.

कन्नड विभागातील एका मित्राने विचारले, "जे विमान आपल्याकडे उतरतच नाही, त्याने पैसे का द्यावेत?" 1944 च्या शिकागो करारानुसार केवळ आकाशातून जाण्याबद्दल शुल्क घेता येत नाही; मात्र पुरवलेल्या सेवेचे घेता येते. परदेशी विमानाला त्याच प्रकारच्या स्वदेशी विमानापेक्षा जास्त दर लावता येत नाही. भारतात मार्गावरील दिक्चालन सेवांचे शुल्क भारतीय विमानतळ प्राधिकरण आकारते.

याचे बोलके उदाहरण आइसलँडचे. उत्तर अटलांटिकवरील विमानांसाठी हा छोटा देश हवामानाची व इतर सेवा देतो, पण विमाने बहुतेक परक्यांची! म्हणून 1956 च्या करारान्वये अनेक देशांनी मिळून हा खर्च वाटून घेतला.

आता आपल्याकडे वळू. समजा, संयुक्त खर्च 100 रुपये असून विमानसेवेचा योग्य वाटा 30 रुपये आहे. तो 10 च धरला, तर उरलेले 20 सरकारी तिजोरीवर पडतील. म्हणजे साबण घेताना कर भरणाऱ्या, कधीही विमानात न बसलेल्या माणसावर. उलट 60 धरला, तर तिकीट महागेल आणि कमी प्रवाशांचे, लहान गावांचे मार्ग आधी अडचणीत येतील.

म्हणून वाटणीचा आधार उघड हवा. कर्मचाऱ्यांचे किती तास, संगणकाचा किती वेळ, किती अंदाज कोणासाठी, हे मोजून लिहिले पाहिजे. खर्चाची विभागणी हा केवळ परीक्षेतील दहा गुणांचा प्रश्न नव्हे. कोणाच्या नावे किती रक्कम लिहायची, हे ठरवताना आपण न्यायही करत असतो. उद्या आपल्यापैकी कोणी अशा खुर्चीवर बसला, तर त्याने आकाशाकडे हात हलवणारी ती मुले आठवावीत.