नजर रस्त्यावर नसताना : शिरूर-दौंडच्या रस्त्यांवरील अपघात आणि चालकाचे कायदेशीर उत्तरदायित्व

मोटार अपघाताच्या खटल्यात चालकाचे लक्ष नव्हते हा सर्वांत सहज केला जाणारा आणि सर्वांत कष्टाने शाबीत होणारा आरोप आहे. दारूचा अंश रक्ताच्या तपासणीत सापडतो, वेगाचा अंदाज वाहनाच्या चेंदामेंद्यावरून आणि डांबरावरच्या टायरच्या खुणांवरून बांधता येतो, परवाना नसल्यास परिवहन कार्यालयाची नोंद ते सांगते. परंतु धडकेच्या क्षणी चालकाची नजर समोर होती की मांडीवरच्या मोबाइलवर, हे ना वाहन सांगते ना रस्ता. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी मोबाइलचा वापर हे कारण नोंदले गेलेले मृत्यू दोन टक्क्यांच्या आसपास होते. हा आकडा चालकांच्या शिस्तीपेक्षा तपासाच्या मर्यादेविषयीच अधिक बोलतो. त्यामुळे अशा अपघातातील उत्तरदायित्वाचा निकाल न्यायालयात पुढे केव्हातरी लागत असला, तरी तो बराचसा ठरतो पहिल्या काही दिवसांत, आणि नेमक्या त्याच दिवसांत घरची माणसे दवाखाना, शवविच्छेदन आणि दहावा-तेरावा यांत गुंतलेली असतात.

भीमेच्या दोन अंगांना वसलेले शिरूर आणि दौंड हे तालुके या प्रश्नाच्या अभ्यासाला विशेष उपयुक्त ठरतात, कारण येथे महामार्गाचा वेग आणि गावाची चाल एकाच डांबरावर येतात. शिरूर तालुक्यातून जाणाऱ्या पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव गणपती आणि कारेगाव येथे कारखान्यांचे कंटेनर, कामगारांच्या बस आणि दुचाक्या, अष्टविनायक यात्रेच्या गाड्या यांची सरमिसळ असते; दौंड तालुक्यातील पुणे–सोलापूर महामार्गावर यवत, चौफुला, वरवंड, पाटस आणि कुरकुंभ येथे लांब पल्ल्याच्या मालमोटारींच्या मध्ये गुऱ्हाळांकडे व साखर कारखान्यांकडे जाणारा ऊस शिरतो; आणि या दोहोंना जोडणाऱ्या चौफुला–न्हावरे–शिरूर रस्त्यावर गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर चालू असतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते, म्हणजे एखादा संदेश वाचण्यात चार सेकंद गेले तर जवळजवळ ९० मीटर रस्ता न पाहता मागे पडतो. त्या अंतरात समोर जर ताशी १५ किलोमीटरने चाललेली, मागचा दिवा नसलेली, परावर्तक पट्टी उसाच्या वाढ्यांखाली झाकली गेलेली ट्रॉली असेल, तर ब्रेकवर पाय जाण्यापूर्वीच टपाचा पत्रा उसाच्या मोळ्यांत घुसलेला असतो. अशा ठिकाणी पोलिसांच्या पंचनाम्यात, म्हणजे पंचांसमक्ष केलेल्या घटनास्थळाच्या लेखी वर्णनात, ब्रेक लागल्याच्या खुणांचा उल्लेख आला नाही, तर तो अभाव हाच चालकाने समोरचे वाहन पाहिलेच नसल्याचा एक महत्त्वाचा पुरावा ठरू शकतो. मात्र खुणा आढळल्या नाहीत हे वाक्य पंचनाम्यात लिहून घेतलेले असावे लागते.

कायद्याच्या दृष्टीने दुर्लक्षाचे दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. धोका दिसत असून तो पत्करणे म्हणजे बेदरकारपणा, आणि जी काळजी सामान्य शहाण्या माणसाने घेतली असती ती न घेणे म्हणजे निष्काळजीपणा. ऑगस्ट २०२२ मध्ये कारेगावजवळ रांजणगाव औद्योगिक वसाहतीच्या हद्दीत एक कंटेनर उलट्या दिशेने आल्याने मोटारीतील एकाच कुटुंबातील पाच जणांचा मृत्यू झाला. दुभाजकातील पुढचे वळण गाठण्याचा फेरा वाचवण्यासाठी अवजड वाहन समोरच्या वाहतुकीत घालणे हे पहिल्या प्रकाराचे उघड उदाहरण होय. वाहन चालवताना मोबाइल हाताळणे या दोन्हींच्या सीमेवर येते, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये हातात धरलेल्या संपर्क साधनाचा वापर स्पष्टपणे धोकादायक वाहनचालनात समाविष्ट केला असल्याने ‘फक्त नाव पाहिले’ हा बचाव आता फारसा टिकणारा नाही. मार्ग पाहण्यासाठी असे साधन वापरण्याची मुभा केंद्रीय नियमांत आहे, परंतु चालकाची एकाग्रता ढळणार नाही या अटीवरच.

मृत्यू घडल्यास १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागू होते आणि त्याखाली पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. त्यापूर्वीच्या दंड संहितेतील कलम ३०४-अ खाली ही मर्यादा दोन वर्षांची होती. अपघातानंतर खबर न देता पळणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंतची शिक्षा सांगणारे कलम १०६ चे दुसरे उपकलम जानेवारी २०२४ मधील वाहनचालकांच्या संपानंतर अंमलात आणण्याचे थांबवले गेले, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते आणि पोलीस ठाण्यात त्यावरून निष्कारण वाद होतात. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देण्याचे व चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवण्याचे चालकाचे कर्तव्य मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये कायम आहे. कलम १०६ खालील आरोपाहून गंभीर असा सदोष मनुष्यवधाचा आरोप, म्हणजे आपल्या कृत्याने मृत्यू ओढवू शकतो याची जाणीव असूनही ते करणे, हा मुंबईतील कार्टर रोडवर २००६ मध्ये सात मजूर चिरडले गेले त्या खटल्यात सिद्ध झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती दोषसिद्धी कायम ठेवली; तथापि त्या खटल्यात मद्यपान होते, आणि केवळ मोबाइलच्या आधारे ही जाणीव शाबीत करणे अवघड असल्याने पीडित कुटुंबाने सगळी शक्ती वरच्या कलमाच्या मागणीत खर्ची घालणे सहसा शहाणपणाचे नसते.

या परिसरातील कुटुंबांना आलेल्या अनुभवांतून जी पहिली शिकवण निघते ती फिर्यादीविषयीची आहे. अपघाताच्या प्रथम खबरी अहवालात रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने व अविचाराने भरधाव वाहन चालवले, अशा अर्थाचे ठरावीक वाक्य येते. ते चूक नसते, पण त्यातून काहीच विशेष कळत नाही. मागच्या दुचाकीवरील माणसाने, ढाब्यावरील पोऱ्याने किंवा शेतात पाणी धरणाऱ्याने चालकाच्या कानाला मोबाइल पाहिला असेल, किंवा धडकेनंतर केबिनमध्ये चालू पडद्याचा मोबाइल पडलेला दिसला असेल, तर ते त्या व्यक्तीच्या स्वतःच्या शब्दांत जबाबात आले पाहिजे. फिर्याद घाईत दिली गेली असल्यास पुरवणी जबाब, म्हणजे आधीच्या जबाबाला जोडला जाणारा नंतरचा जबाब, देता येतो. मदत करणाऱ्याला साक्षीत गुंतवले जाईल ही भीती मोठी असते. तिच्यावर उतारा म्हणून २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आणले आणि सद्भावनेने मदत करणाऱ्यास आपले नाव उघड करण्याची सक्ती करता येत नाही असे ठरले, परंतु गावात हे सांगणारा कोणी तरी असावा लागतो.

दुसरी शिकवण पुरावा टिकण्याच्या मुदतीची आहे. चालकाच्या क्रमांकाचे संभाषण-तपशील, म्हणजे कोणत्या क्षणी कोणाशी किती वेळ संपर्क झाला आणि तेव्हा मोबाइल कोणत्या मनोऱ्याच्या कक्षेत होता याची नोंद, दूरसंचार कंपन्यांना दोन वर्षे जपावी लागते. याउलट पेट्रोल पंप, ढाबा, कंपनीचे प्रवेशद्वार यांच्या सीसीटीव्हीतील चित्रण काही दिवसांत नव्या चित्रणाखाली पुसले जाते. त्यामुळे कॅमेऱ्यांची ठिकाणे नोंदवून ते चित्रण ताब्यात घेण्याची लेखी विनंती शिरूर, शिक्रापूर, रांजणगाव, दौंड किंवा यवत यांपैकी ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत घटना घडली तेथील तपास अधिकाऱ्याकडे तत्काळ करावी आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी. संभाषण-तपशील नातेवाइकांना परस्पर मिळत नाहीत. ते पोलिसांनी किंवा न्यायालयाने मागवावे लागतात, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यास भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडलेले नसेल तर तो ऐन वेळी निरुपयोगी ठरतो. इंटरनेटवरून केलेला कॉल या नोंदीत कॉल म्हणून दिसत नाही, केवळ डेटा वापरल्याचे दिसते, म्हणून चालकाचा मोबाइल प्रत्यक्ष जप्त होणे महत्त्वाचे असते. (अशा नोंदीत समोरचा क्रमांक वाहनमालकाचा किंवा मुकादमाचा निघाला, म्हणजे गाडी कुठवर आली हे विचारणाराच अपघाताचे निमित्त ठरला, तरी फोन करणाऱ्याला कायदा धरत नाही, ही उणीव खटकणारी आहे.)

तिसरी गोष्ट तडजोडीची. अपघातानंतर गावातील चार वजनदार माणसे मध्ये पडतात, अंत्यविधीचा खर्च हातावर ठेवला जातो आणि मुद्रांकावर ‘आमची तक्रार नाही’ असे लिहून घेतले जाते. मृत्यूचा गुन्हा पक्षकारांनी आपसांत मिटवता येणारा नाही, म्हणून असा कागद गुन्हा संपवत नाही. परंतु पुढे साक्षीदाराची उलटतपासणी करताना तोच कागद बचाव पक्षाच्या हाती शस्त्र ठरतो. याच बैठकीत कधी कधी परवाना नसलेल्या खऱ्या चालकाऐवजी दुसऱ्याला पुढे करण्याचे घाटते, आणि मदतीच्या मोबदल्यात पीडितांकडूनही त्यावर मौन मागितले जाते. पुण्यातील कल्याणीनगरच्या मे २०२४ मधील अपघातात चालक बदलण्याच्या प्रयत्नाचा आरोप स्वतंत्र कारवाईचा विषय झाला, हे अशा मध्यस्थांना सांगण्यासारखे आहे.

फौजदारी खटल्याहून भरपाईचा दावा वेगळा असतो, आणि हा भेद समजला तर अनेक कुटुंबांचे नुकसान टळेल. फौजदारी न्यायालयास वाजवी शंकेपलीकडचा पुरावा लागतो, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, म्हणजे केवळ अशा भरपाईसाठीचे न्यायपीठ, कोणती बाजू अधिक संभवनीय आहे एवढेच पाहते. त्यामुळे चालक निर्दोष सुटला तरी भरपाईचा मार्ग बंद होत नाही. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत प्राथमिक आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणास द्यावयाचा असतो, आणि त्याच १ एप्रिल २०२२ पासून कलम १६६ खालील अर्जाला अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आहे; या मुदतीवर न्यायालयीन वाद उपस्थित झाले असले तरी ती उलटू न देणेच हिताचे. अर्ज अपघाताच्या ठिकाणच्याच नव्हे, तर अर्जदार राहतो तेथील किंवा प्रतिवादी राहतो तेथील न्यायाधिकरणातही करता येतो. दोषाचा प्रश्न न उकरता मृत्यूसाठी ५ लाख रुपये देणारे कलम १६४ सोपे वाटते, परंतु ती रक्कम स्वीकारली की कलम १६६ खालील दावा संपतो. हा फरक किती पडतो ते एका कल्पित हिशेबावरून दिसेल : ३४ वर्षांचा, महिना १५,००० रुपये मिळवणारा, चार माणसे अवलंबून असलेला, स्वतःचा धंदा करणारा माणूस गेल्यास वार्षिक १,८०,००० मध्ये भावी उत्पन्नवाढीचे ४० टक्के मिळवून २,५२,००० होतात, त्यातून त्याचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा जाता १,८९,००० उरतात, आणि वयानुसार ठरलेल्या १६ या गुणकाने गुणल्यावर ३०,२४,००० रुपये येतात. ही रीत सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांनी घालून दिली आहे. उत्पन्नाचा कागद नसणे ही ग्रामीण कुटुंबांची मोठी अडचण असल्याने दूध संघाची पावती, उसाच्या बिलाची नोंद, बँकेचे पासबुक, कंत्राटदाराचे हजेरीपत्रक यांपैकी जे असेल ते जपून ठेवावे.

चूक आपल्याच वाहनाच्या चालकाची असते तेव्हा हा हिशेब सर्वांत कडवट होतो. जुलै २०१९ मध्ये रायगडाहून परतणारे यवतचे नऊ तरुण पुणे–सोलापूर महामार्गावर कदमवाकवस्तीजवळ मोटार दुभाजक ओलांडून मालमोटारीवर आदळल्याने एकाच रात्री गेले. अशा प्रसंगी कायदा एकाच गाडीतील मृतांना वेगवेगळ्या रांगांत उभे करतो : चूक चालकाची ठरल्यास सहप्रवाशांचे वारस त्याच वाहनाच्या विमा कंपनीकडे भरपाई मागू शकतात, मात्र त्यासाठी विमा केवळ त्रयस्थांपुरता नसून सर्वसमावेशक असावा लागतो; चालकाच्या वारसांना मात्र त्याच्याच चुकीची भरपाई मागता येत नाही आणि तो स्वतः परवानाधारक मालक असेल तर १५ लाख रुपयांच्या व्यक्तिगत अपघात संरक्षणावरच भिस्त ठेवावी लागते. ट्रॅक्टरच्या बाबतीत अडचण आणखी वाढते, कारण शेतीकामासाठी उतरवलेल्या विम्यावर भाड्याने ऊस वाहणे, ट्रॉलीचा स्वतंत्र विमा नसणे किंवा मडगार्डवर माणूस बसवणे यांपैकी काहीही आढळले की विमा कंपनी हात वर करते आणि भरपाईचा बोजा मालकाच्या सातबाऱ्यापर्यंत पोचू शकतो.

वाहन सापडलेच नाही तर कलम १६१ खालील योजनेतून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये मिळतात व त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसील पातळीवर चौकशी अधिकारी म्हणून नेमलेल्या महसूल अधिकाऱ्याकडे जातो; चालक पळाला पण वाहन सापडले, अशा घटना या योजनेत बसत नाहीत, त्यांचा मार्ग न्यायाधिकरणाचाच. मृत व्यक्ती शेतकरी असल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचे २ लाख रुपये तालुका कृषी अधिकाऱ्यामार्फत स्वतंत्रपणे मागता येतात. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट नाही. लोकअदालतीत विमा कंपनी जी रक्कम देऊ करते ती स्वीकारण्यापूर्वी वरील रीतीने आकडा मांडून पाहावा, कारण तेथील निवाड्यावर अपील नसते, आणि अज्ञान मुलांच्या वाट्याची रक्कम त्यांच्या नावे मुदत ठेवीत जाईल असे निवाड्यातच लिहून घ्यावे.