कवड्या म्हणून सोडून देऊ नका

आमच्या काष्टीत साप निघाला आणि अंगावर पट्टे दिसले, की निम्मी माणसं 'कवड्याच आहे' म्हणून मोकळी होतात. भोवती सगळा ऊस. उसात उंदीर, उंदरांमागे साप. रोज भिऊन शेती होत नाही, म्हणून बिनविषारी नाव आधी तोंडात येतं. हा दिलासा किती महाग पडतो, ते मी एका हंगामात पाहिलं.

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीतला एक पोरगा कोपीत जमिनीवर झोपला होता. पहाटे पोटात कळा येऊन उठला. अंथरुणाशी साप सापडला, मारला, कोणीतरी 'कवड्या' म्हणालं. सूज नाही, चावल्याची खूण नाही. ओवा-मीठ दिलं गेलं. उजाडता उजाडता त्याच्या पापण्या उचलेनात आणि थुंकी गिळता येईना, तेव्हा गाडी दौंडकडे निघाली. पोरगा वाचला, पण पुढे मोठ्या दवाखान्यात व्हेंटिलेटरवर राहून. ती मण्यार होती.

मेलेला साप मी नंतर पाहिला. पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची ओळ होती. कवड्याला ती नसते. पण जिवंत सापाचे खवले बघायला वाकायचं नाही, लांबून पट्टे बघायचे. मोठ्या मण्यारीच्या मानेजवळ पट्टे बहुधा नसतातच किंवा नुसते ठिपके असतात. पुढे बारीक, पुष्कळदा जोडीजोडीने येणारे पांढरे पट्टे शेपटीपर्यंत ठळक राहतात. कवड्याचं उलटं: मानेपासूनच रुंद, पिवळट पट्टे, शेपटीकडे फिकट होत जाणारे. मण्यार निळसर काळी, चकचकीत. कवड्या तपकिरी, डोकं चपटं. भिंतीवर पालीमागे चढलेला बहुधा कवड्या असतो. मात्र मण्यारीच्या पिल्लाचे पट्टे पार मानेपासून असू शकतात आणि कात टाकायच्या आधी कुठल्याही सापाचा रंग मळतो. टॉर्चच्या उजेडात तर मीही पैज लावणार नाही.

म्हणून ही ओळख घरात निघालेल्या सापासाठी, चावलेल्या माणसासाठी नाही. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच आहे. डॉक्टर लक्षणं बघून उपचार करतात. साप पकडून पिशवीत न्यायची गरज नाही, त्या नादात दुसऱ्याला चावा बसतो. फोटो सहज मिळाला तर ठीक. घोणशीच्या विषाने रक्त गोठत नाही, म्हणून रक्त नळीत 20 मिनिटं ठेवून बघतात. मण्यारीत ती तपासणी चांगली येते. तेवढ्यावर घरी परतायचं नाही, पापण्यांवर आणि श्वासावर लक्ष ठेवायला दवाखान्यातच थांबायचं.

जमिनीवर झोपलेला माणूस रात्री-पहाटे पोटदुखी, उलटी, जड पापण्या घेऊन उठला, तर साप दिसो न दिसो, 108 ला फोन करायचा. टोळी उतरली की मुकादमाला एवढंच सांगतो: खाटा नसतील तर मच्छरदाणी द्या, तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा आणि पाचटाचा ढीग कोपीपासून लांब घाला.