चारशे केबीची फिल्म

गेल्या वर्षी अकरावीत मास मीडियाच्या प्रॅक्टिकलसाठी आम्ही तिघांनी एक लघुपट केला. विषय होता आपले बँडमास्टर. पुढच्याच महिन्यात ते निवृत्त होऊन गावी जाणार होते. कॅमेऱ्यासमोर ते आधी थोडे अवघडले, पण बिगुल हातात दिल्यावर मोकळे झाले. 'लास्ट पोस्ट' वाजवताना श्वास कुठे घ्यायचा, हे त्यांनी दोनदा वाजवून दाखवले. बावीस मिनिटांच्या चित्रीकरणातून आम्ही साडेपाच मिनिटांची फिल्म तयार केली. मुदतीच्या दिवशी प्रेप संपता संपता मी फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, सरांच्या टेबलावर ठेवली, रजिस्टरमध्ये सही केली आणि निश्चिंत झालो.

तीन आठवड्यांनी सरांनी बोलावले. पडद्यावर आमची टाइमलाइन उघडली होती. सगळे कट जागच्या जागी होते, पण चित्र नाही आणि आवाजही नाही. क्लिप सापडत नसल्याची लांबलचक यादी तेवढी समोर होती. सर रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "साडेपाच मिनिटांची फिल्म चारशे केबीत कशी मावली?"

तेव्हा मला उत्तर देता आले नाही. आता येते, म्हणून हा लेख.

आपल्या लॅबमध्ये एडिटिंगसाठी केडेनलाइव्ह आहे. त्यात आपण 'सेव्ह' करतो ती प्रोजेक्ट फाइल म्हणजे फिल्म नव्हे. कोणती क्लिप कोणत्या फोल्डरमध्ये आहे, ती कितव्या सेकंदाला कापायची, वर कोणते शीर्षक द्यायचे, एवढीच नोंद तिच्यात असते. भाजीची कृती लिहिलेला कागद असावा तसे. कागद डब्यात घालून पाठवला तर भाजी पोचत नाही. मी सरांना कागद दिला होता.

म्हणून जमा करायच्या गोष्टी दोन. पहिली, रेंडर केलेली फिल्म. एमपी४ फाइल आणि एच.२६४ कोडेक घेतला तर ती जवळपास कुठल्याही संगणकावर चालते. दुसरी, शिक्षकांनी मागितले असेल तर मूळ क्लिप्ससकट पूर्ण प्रोजेक्ट. त्यासाठी केडेनलाइव्हच्या प्रोजेक्ट मेनूत 'अर्काइव्ह प्रोजेक्ट' आहे. तो सगळ्या क्लिप्स गोळा करून एका ठिकाणी ठेवतो.

रेंडर झाल्यावर आधी फाइलचा आकार बघा. बिटरेट सेकंदाला ८ मेगाबिट ठेवला असेल, तर ८ बिटांचा एक बाइट या हिशेबाने सेकंदाला १ एमबी, म्हणजे मिनिटाला ६० एमबी. साडेपाच मिनिटांची फिल्म ३३० एमबीच्या आसपास यायला हवी. हा हिशेब मी त्या दिवशी केला असता, तर फाइल न उघडताच चूक कळली असती.

पेन ड्राइव्हचेही दोन धडे आहेत. माझ्या एका मित्राची फाइल ६ जीबीची होती. ३२ जीबीचा ड्राइव्ह रिकामा असूनही ती त्यावर जाईना. ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असला की ४ जीबीहून मोठी एक फाइल त्यावर बसतच नाही. एक्सफॅट केल्यावर बसते. (फॉरमॅट केल्याने आतले सगळे जाते, तेवढे लक्षात ठेवा.) दुसरे म्हणजे, लॅबच्या उबुंटू संगणकांवर कॉपीची पट्टी पूर्ण झालेली दिसली तरी मागे लिहिणे चालू असू शकते. 'इजेक्ट' न करता ओढून काढलेला ड्राइव्ह अर्धवट राहतो.

आपल्या मराठी कॅडेट्सना आणखी एक अडचण येते. सबटायटल्सची फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. एएनएसआय ठेवलीत तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उरते. लेखी अहवाल पीडीएफ करून द्या, म्हणजे आपला फाँट समोरच्या संगणकावर असो वा नसो, अक्षरे बदलणार नाहीत. फाइलच्या नावात इयत्ता, रोल नंबर, विषय आणि तारीख असावी, आणि तारखेत वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. तसे केले की फाइली आपोआप क्रमाने लागतात. कोतमध्ये रायफल जमा करताना आपण बट नंबर सांगतो, 'माझी रायफल' म्हणत नाही. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरंच' या नावांचेही तसेच आहे.

संगीताबद्दल माझे मत जरा कडक आहे. शेवटी 'संगीत सौजन्य' लिहिले की गाणे वापरायची परवानगी मिळाली, असे बरेच जण धरून चालतात. तसे नसते. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचे संगीत घ्या, परवान्याच्या अटी वाचा आणि श्रेयनामावलीत रचनाकाराचे नाव व परवाना दोन्ही लिहा. शाळेच्या आवारातले काय दाखवायचे आणि काय नाही, हे शूटिंगच्या आधीच विचारा. फोनचे लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश नोंदले जातात. आपल्यासारख्या शाळेत ही बाब क्षुल्लक मानून चालणार नाही.

आता त्या फिल्मचे. कॅमेऱ्याचे कार्ड फोटोग्राफी क्लबचे होते. क्रीडा स्पर्धांसाठी ते फॉरमॅट झाले. लॅबच्या संगणकावरचे आमचे फोल्डर सत्राअखेरच्या साफसफाईत गेले. बँडमास्टर तोवर गावी पोचले होते. हाउसमास्टरांना दाखवायला म्हणून काढलेला चाळीस सेकंदांचा एक तुकडा माझ्या मित्राच्या ड्राइव्हवर सापडला, तेवढाच. आम्ही मेसवर दुसरी फिल्म केली आणि गुणही मिळाले. उन्हाळ्याच्या सुट्टीत बँडमास्टरांचा फोन आला, "फिल्म कधी पाठवतोस? घरच्यांना दाखवायची आहे." मी त्यांना खरे काय ते सांगितले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग अभ्यासाची चौकशी केली.

तेव्हापासून मी प्रत्येक कामाच्या तीन प्रती ठेवतो: एक लॅबमध्ये, एक माझ्या ड्राइव्हवर आणि एक घरी बाबांच्या संगणकावर. देण्याआधी फाइल दुसऱ्याच संगणकावर, माझ्या लॉगिनशिवाय, पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत बघतो. ड्राइव्हची लिंक द्यायची असेल तर सरांच्या ईमेलला परवानगी दिली आहे ना, हे तपासतो. नाहीतर त्यांच्यासमोर परवानगी मागणारे पान उघडते.

आणि पालकांना एक विनंती. सुट्टीतला प्रोजेक्ट मुलांनी तुमच्या फोनवर केला असेल, तर व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवू नका, तो दाबला जाऊन धूसर होतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते. आणि शाळेत तो उघडला, असा निरोप येईपर्यंत फोनमधली मूळ फाइल काढून टाकू नका.