कालव्याकाठचं शेत

गेवराईच्या बाजारात कुणीतरी काकांच्या कानावर घातलं, की दुबईतला पुतण्या बापाच्या, म्हणजे काकांच्या थोरल्या भावाच्या, मागं लागलाय: कालव्याकाठचं शेत विका. रोज मोबाइलवर बोलणाऱ्या काकांनी त्या रात्री पुतण्याला पत्र लिहायला वही ओढली.

पुतण्यानं दुबईतलं भविष्याचं संग्रहालय पाहिलं होतं. फोटो घरात सगळ्यांनी पाहिलेले. २२ फेब्रुवारी २०२२ ला उघडलेली, मधोमध पोकळ, ७७ मीटर उंच इमारत. पोलादी अंगावर अरबी अक्षरं. आत साल २०७१ मधलं कल्पित अंतराळस्थानक. एका दालनात अ‍ॅमेझॉनचं जंगल, शेजारी २,४०० जीवजातींचा काचेत उजळलेला संग्रह. तिथून परतल्यावर पोरगा म्हणाला म्हणे, आपल्याकडं पुढं पाणीच राहणार नाही.

‘पाणी संपतं हे तुला दुबईत कळलं?’ काकांनी पहिल्याच ओळीत खडसावलं. तिथल्या नळाला समुद्राचं पाणी गोडं करून येतं. गेवराईला गोदावरी आहे, जायकवाडीचा उजवा कालवा आहे. १९६५ ला शास्त्रीजींनी धरणाची पायाभरणी केली, १९७६ ला इंदिराबाईंनी उद्‌घाटन. जिवंत साठा २,१७१ दशलक्ष घनमीटर.

पण काका खोटं लिहिणारे नव्हेत. २०१६ च्या उन्हाळ्यात हेच धरण मृतसाठ्यात गेलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, हेही त्यांनी लिहिलं. मग मूळ मुद्दा: शेत विकू नकोस.

पुढं अक्षर बिघडलं. बहात्तरच्या दुष्काळात ते विशीत होते. खडी फोडायची, सुकडी खायची. गावाला कंटाळून त्यांनीच हट्टानं वडलांना चिंचेजवळचे दोन एकर विकायला लावले. वडलांनी मुकाट्यानं अंगठा दिला. ‘त्या बांधावरून अजून मान वर करून जाता येत नाही मला. तुझ्या बापाला ठाऊक आहे, विचार.’

मग राग ओसरला. ती इमारत उन्हावरच्या विजेवर चालते म्हणतात, ते कसं बसवलंय नीट बघून ये, ऊन आपल्याकडंही रग्गड आहे. विकायचंच असलं तर तुझी जमीन तू जाण, फक्त आधी एकदा येऊन बांधावर बस.

‘त्या इमारतीच्या लिफ्टमध्ये भीती वाटली का रे? जत्रेतल्या पाळण्यात तू माझं धोतर सोडायचा नाहीस. जेवण वेळेवर करतोस ना? हुरड्याच्या दिवसांत सुट्टी काढ. यंदा ज्वारी चार काकऱ्या जास्त पेरतोय.’