घोड्याची धूळ: ओढायची की उडवायची?

पाऊस ओसरून मैदान वाळलं की घोडा मनसोक्त लोळतो आणि दुसऱ्याच रंगाचा होऊन उठतो. माथेरानला ही धूळ जांभ्याची, लाल आणि पिठासारखी बारीक. देशावर काळी माती, ओली असेल तर पोटाखाली ढेकळंच लटकतात. अशा वेळी व्हॅक्यूम आणि ब्लोअर खरोखर उपयोगी पडतात. पण दोघांचं काम एकच आहे असं समजून जो तो हाताला लागेल ते यंत्र चालवतो, आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो.

व्हॅक्यूम धूळ ओढून पिशवीत भरतो. ब्लोअर तीच धूळ घोड्याच्या अंगावरून उठवून हवेत सोडतो, म्हणजे पुढच्या श्वासाला ती कुणाच्या तरी नाकात. म्हणून माझं सरळ मत: धुळीला व्हॅक्यूम, पाण्याला ब्लोअर. पुढचं सगळं या वाटणीवर बेतलेलं आहे.

यंत्र काढण्याआधी

करा: आधी खरारा. रबराचा खरारा गोल गोल फिरवून माती, कोंडा आणि सुटे केस वर आणा. घट्ट चिकटलेली माती व्हॅक्यूमने निघत नाही, तो फक्त सुटलेलं उचलतो. खरारा न करता नळी फिरवली तर वरून घोडा चकचकीत दिसतो आणि कातडीजवळचा थर तसाच राहतो. त्यावर जीन कसलं की तिथेच घासून जखम होते.

करा: ओली माती वाळू द्या. घाई असेल तर जीन आणि पट्टा बसतो तेवढी जागा धुऊन, पूर्ण कोरडी करून घ्या.

टाळा: कोरड्या कचऱ्यासाठीच्या व्हॅक्यूमने चिखल किंवा पाणी ओढणं. मोटर जळेल. ओलं-सुकं दोन्ही ओढणारं यंत्र असलं तरी काळ्या मातीचा लगदा नळीत बसला की काढताना नाकी नऊ येतात.

टाळा: जखम, खरूज, पुरळ किंवा खपल्या असलेल्या अंगावर दोन्ही यंत्रं. पावसाळ्यात सतत भिजणाऱ्या घोड्यांच्या पाठीवर जिवाणूंमुळे खपल्या धरतात आणि केसांचे झुपके निघतात. तिथे पशुवैद्याचं काम आहे.

आवाजाशी ओळख

या भागात घाई केली तर बाकीची यादी वाचून उपयोग नाही. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, घोड्याला तेहतीस हजारांच्या आसपास. मोटरची जी बारीक शीळ आपल्या कानाला पोचतही नाही, ती त्याला ऐकू येऊ शकते. घोडा आणि व्हॅक्यूमच्या आवाजाचं भांडण जुनंच आहे. ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी १९०१ साली लंडनमध्ये आणलेला मोठा व्हॅक्यूम घोडेच ओढून न्यायचे. रस्त्यात उभा राहून तो खिडकीतून आत सोडलेल्या नळ्यांनी घरातली धूळ ओढायचा, आणि त्याच्या गोंगाटाने येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचे घोडे बुजतात म्हणून तक्रारी व्हायच्या.

करा: पहिल्या दिवशी यंत्र बंद ठेवून फक्त हुंगू द्या. मग दुसऱ्या माणसाला ते लांब, शेडच्या पलीकडच्या टोकाला चालू करायला सांगा. घोडा कान फिरवेल, मान वर करेल, फुरफुरेल. वाट बघा. मान खाली आली, जबडा हलला, त्याने ओठ चाटले की लगेच यंत्र बंद. शांत राहिलं की आवाज थांबतो, एवढंच त्याला कळायला हवं. तो उड्या मारत असताना घाबरून बटण बंद केलंत, तर उड्या मारल्या की आवाज थांबतो हे तो शिकेल, आणि हा धडा घोडे फार पटकन शिकतात.

करा: आवाज पचल्यावर स्पर्श. यंत्र बंद ठेवून नुसती नळी खांद्यावरून फिरवा. नंतर चालू यंत्राच्या वेळी स्वतःचा तळहात घोड्याच्या खांद्यावर ठेवा आणि नळी आधी आपल्या हातावरून फिरवा. ओढ तुमच्या हाताला, थरथर त्याच्या अंगाला. मग हळूच हात काढून घ्या. डाव्या बाजूने सवय झाली म्हणून उजवी गृहीत धरू नका, तिथे पहिल्यापासून सुरुवात करा.

टाळा: पहिल्या काही वेळा घोडा दोन्ही बाजूंनी पक्का बांधून ठेवणं. चारपाचशे किलोचं जनावर मागे ओढ घेतं तेव्हा मोरकी तरी तुटते किंवा मान तरी दुखावते. दोर जाणत्या माणसाच्या हातात असू द्या, आणि तो दोर त्याने हाताला गुंडाळलेला नसावा.

टाळा: ओठाला पिळा घालून किंवा कान पिरगळून उभं करणं. धूळ काढण्यासाठी एवढं करावं लागत असेल तर त्या घोड्याला फडकं आणि ब्रश पुरे.

टाळा: "वरातीची घोडी आहे, बँड-फटाके ऐकलेत, तिला काय होतंय" हा हिशेब. फटाका लांब फुटतो. नळी अंगाला चिकटते.

टाळा: सारंगखेड्याच्या यात्रेतून घेतलेला घोडा ट्रकमधून उतरवून त्याच दिवशी यंत्राखाली धरणं. नवी जागा, नवी माणसं, नवं पाणी, एवढं त्याला पुष्कळ आहे. शिवाय नव्या जनावराला काही दिवस वेगळं ठेवायचं असतं, तेव्हा त्याचा खरारा आणि ब्रशही वेगळाच.

अंगावर फिरवताना

करा: खांद्यापासून सुरुवात. तिथे घोड्याला तुम्ही आणि नळी दोन्ही दिसता. मग मान, पाठ, बरगड्या, शेवटी पुठ्ठा. थेट मागे आंधळी जागा असते, तिथून चालू नळी घेऊन कधीही जवळ जाऊ नका.

करा: केसांच्या दिशेने, लांब आणि सावकाश हात. घोड्याच्या कातडीला बसलेली माशीही कळते आणि तो तेवढीच कातडी थरथरवतो. त्याला तुमची घिसाडघाई कळणारच.

करा: ओढ कमी करा. बहुतेक नळ्यांच्या मुठीजवळ हवेची एक छोटी सरकती खिडकी असते, ती उघडली की तोंड कातडीला घट्ट चिकटत नाही. कुशीजवळ कातडी पातळ असते, तिथे ही खिडकी उघडीच ठेवा किंवा नळी लावूच नका.

टाळा: चेहरा, कान, डोळ्यांचा परिसर, मांड्यांची आतली बाजू, सड किंवा लिंगाची जागा, गुडघ्याखालचे पाय. चेहऱ्याला ओलसर मऊ फडकं. पायांना हाताने मऊ ब्रश.

टाळा: शेपटीजवळ उघड्या तोंडाची नळी. शेपटीचे केस आत ओढले गेले तर तुटतात आणि पुन्हा लांब व्हायला फार काळ जातो. ब्लोअरचा धोका उलट्या टोकाला असतो: हवा आत घेणाऱ्या जाळीकडे शेपूट गेली की केस पंख्यात. यंत्र खांद्याला अडकवून काम करताना हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

टाळा: जिनाखालचे घामाचे पांढरे डाग व्हॅक्यूमने काढायचा प्रयत्न. ते मीठ आहे. ओला स्पंज घ्या.

कोरड्या थंडीत नळी फिरवताना चटचट आवाज येऊन बारीक झटका बसतो, कधी तुम्हाला, कधी त्याला. ही स्थिर वीज. इजा होत नाही, पण शांत झालेला घोडा एका झटक्यात यंत्राचा शत्रू होतो. अंगावर पाण्याचा अगदी हलका फवारा मारून, ब्रश फिरवून मग व्हॅक्यूम लावा.

ब्लोअर

करा: अंघोळीनंतर आधी पट्टीने पाणी निथळवा, मग ब्लोअर. केसांच्या दिशेने, वीतभर अंतरावरून, एका जागी न थांबता. दमट हवेत अंग लवकर वाळत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात याचा फायदा सर्वांत जास्त.

टाळा: गरम हवा. माणसाच्या केसांचा ड्रायर तर नकोच. मोटर तापली की साध्या ब्लोअरची हवाही ऊन होत जाते, म्हणून अधूनमधून स्वतःच्या मनगटावर घेऊन बघा.

टाळा: सुक्या धुळीवर बंद शेडमध्ये ब्लोअर. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, सगळा भार नाकावर. त्यातून त्याला दमा असेल तर हा धुरळा विषासारखा. वापरायचाच तर उघड्यावर, वारा घोड्याच्या डोक्याकडून शेपटीकडे जात असताना, इतर जनावरांपासून लांब. सईसाला नाकावर मास्क आणि डोळ्यांना चष्मा द्या. "त्याला सवय आहे" असं मालक म्हणतात. त्याच्या फुफ्फुसांना कुणी विचारलेलं नसतं.

टाळा: ठाणावर, गव्हाण आणि पाण्याच्या बादलीशेजारी कोणतंही यंत्र. उडालेली धूळ चंदीत बसते आणि तीच तो खातो.

टाळा: पालापाचोळा उडवायचा पेट्रोलचा ब्लोअर, घोड्यावर आणि घोडे आत असताना शेडच्या बोळातही. धूर, कर्कश आवाज आणि धुळीचा लोट, तिन्ही एकदम.

वीज

करा: तीन पिनांचा प्लग, चालू स्थितीतलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. लोखंडी नाल, ओली फरशी आणि सोललेली वायर एकत्र आली तर घोडा माणसाच्या आधी मरतो.

करा: यंत्र भिंतीवर टांगा किंवा खुरांच्या टप्प्याबाहेर ठेवा. वायर वरून न्या.

टाळा: जोडकामाला टेप गुंडाळलेली एक्स्टेन्शन.

काम झाल्यावर

करा: तोंडं आणि ब्रश साबणाने धुऊन, जंतुनाशकात बुडवून, उन्हात वाळवा. नायटा एका घोड्यावरून दुसऱ्यावर अशाच सामानातून जातो. संशय आला तर त्या घोड्याचं सामान वेगळं.

करा: फिल्टर वेळेवर झाडा. जांभ्याची बारीक धूळ तो लवकर तुंबवते, मग ओढ कमी होते आणि मोटरचा सूर चढतो. कालपर्यंत गुमान उभा राहणारा घोडा आज का चुळबुळतो, याचं कारण पुष्कळदा हेच निघतं.

टाळा: भरलेली पिशवी शेडच्या दारात झटकणं. आधी हलकं पाणी शिंपडा, मग लिदीच्या ढिगात पुरा.